मंडळी, करार आणि स्वशासन



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले नाही. मी त्यांना पाहिले ते संस्थेच्या वार्षिक सभेत. मागील सभेचे इतिवृत्त ते स्वतः वाचीत. सावकाश, एकही ओळ न गाळता. सभासद कंटाळत. कोणीतरी उठून ‘वाचले असे समजावे’ अशी सूचना करी. त्यावर ते चष्मा काढून एवढेच म्हणत, “समजावे कशाला? ऐकावे.” मी त्या वेळी तरुण होतो आणि मला ते हट्टी वाटत. पुढे अनेक संस्थांच्या अनेक सभांना बसल्यावर त्या हट्टाचा अर्थ हळूहळू उलगडत गेला. आजचे विवेचन हे एका परीने त्या हट्टाचेच समर्थन आहे, जरी त्यासाठी मला आपणांस सोळाव्या शतकातील युरोपात न्यावे लागणार असले तरी.

मी मराठीचा अध्यापक. इतिहासाचा किंवा धर्मशास्त्राचा नव्हे. या विषयाकडे मी आलो तो शब्दांच्या वाटेने. मराठी बायबलाचा अभ्यास करताना एक गोष्ट लक्षात आली. ‘चर्च’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोऱ्याची इमारत उभी राहते. पण मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी शब्द योजला तो ‘मंडळी’. इमारत नव्हे, जमलेली माणसे. बायबलाच्या दोन भागांना आपण ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतो. चर्चमधील जबाबदार गृहस्थांना ‘वडील’ आणि धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतो. मंडळी, करार, वडील, पाळक : हे शब्द आपल्याला घरचे वाटतात. परंतु प्रॉटेस्टंट पंथाच्या एका शाखेत याच चार कल्पनांची अशी काही गुंफण झाली, की तिच्यातून राजांची सिंहासने हादरली आणि सामान्य माणसाला स्वतःचा कारभार स्वतः चालविण्याची सवय लागली. ती शाखा म्हणजे जॉन कॅल्व्हिनचा पंथ.

येथे एक कोडे आहे. कॅल्व्हिनचे धर्मशास्त्र माणसाची स्तुती करणारे नाही. मनुष्य स्वभावतः पतित आहे, स्वतःच्या बळावर तो तरू शकत नाही, कोणाचा उद्धार व्हावयाचा हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, असे ते सांगते. अशा शिकवणुकीतून गुलामी वृत्ती निपजावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात झाले ते उलट. हे कसे घडले, याचा उलगडा कॅल्व्हिनच्या सिद्धान्तांत जितका आहे, त्याहून अधिक त्याच्या चर्चच्या रचनेत आहे, असे माझे म्हणणे आहे.

१. जिनिव्हा : बारा वडील आणि एक गुरुवार

कॅल्व्हिनचा जन्म १५०९ मध्ये फ्रान्समधील न्वायाँ या गावी झाला. त्याचे शिक्षण कायद्याचे होते, आणि ही गोष्ट त्याच्या प्रत्येक रचनेत दिसते. जिनिव्हा हे तेव्हा दहा-बारा हजार वस्तीचे शहर. तेथील बिशप हा धर्माधिकारीही होता आणि सत्ताधीशही. १५३३ मध्ये बिशप शहर सोडून गेला, आणि २१ मे १५३६ रोजी नागरिकांनी सर्वसाधारण सभेत हात वर करून धर्मसुधारणेचा स्वीकार केला. बिशप गेला, आता चर्चचा कारभार कोणी पाहावयाचा? त्याच वर्षी कॅल्व्हिन तेथे आला, दोन वर्षांत शहराच्या सत्ताधाऱ्यांशी भांडून हद्दपार झाला, आणि १५४१ मध्ये त्याच शहराच्या बोलावण्यावरून परत आला. परतल्यावर त्याने पहिले काम हाती घेतले ते चर्चच्या नियमावलीचे. नोव्हेंबर १५४१ मध्ये ती संमत झाली.

या नियमावलीत चर्चची चार पदे सांगितली आहेत. पाळकांनी उपदेश करावयाचा, आचार्यांनी शिकवावयाचे, वडिलांनी लोकांच्या वर्तनावर लक्ष ठेवावयाचे आणि डीकन नावाच्या सेवकांनी गोरगरिबांची व आजाऱ्यांची व्यवस्था पाहावयाची. यांतील महत्त्वाचे पद वडिलांचे. हे बाराजण धर्मोपदेशक नव्हते. ते शहरातील गृहस्थ होते. शहराच्या तीन परिषदांमधून अनुक्रमे दोन, चार आणि सहा असे ते निवडले जात. त्यांची मुदत एक वर्षाची असे. वर्षअखेर त्यांच्या कामाचा विचार होऊन त्यांना ठेवावयाचे की बदलावयाचे हे ठरे. हे बारा वडील आणि शहराचे पाळक मिळून जी सभा होई तिला ‘कन्सिस्टरी’ म्हणत. ती दर गुरुवारी भरे आणि तिच्या कामकाजाची लेखी नोंद ठेवली जाई. त्या नोंदी आजही जिनिव्हात जतन केलेल्या आहेत.

यात नवे काय होते? रोमन चर्चमध्ये अधिकार वरून खाली येई : पोपकडून बिशपकडे आणि बिशपकडून गावच्या धर्मगुरूकडे. येथे धर्मोपदेशकाच्या शेजारी, त्याच्याच बरोबरीने मत देणारा गृहस्थ येऊन बसला. शिवाय पाळकांनाही मोकळीक नव्हती. दर तीन महिन्यांनी पाळकांनी एकत्र बसून एकमेकांच्या वर्तनातील व शिकवणुकीतील दोष सांगावेत, असा नियम होता. दोष सांगावयाचा तो पाठीमागे नव्हे, सभेत. आणि ज्याला सांगावयाचा त्याच्या समक्ष.

कॅल्व्हिनला लोकशाहीवादी म्हणणे ही मात्र चूक होईल. वडिलांची नावे लहान परिषद पाळकांच्या विचाराने सुचवीत असे. सर्व लोकांचे मतदान तेथे नव्हते. राज्यकारभाराविषयी लिहिताना त्याने पसंती दिली ती अनेक योग्य माणसांच्या शासनाला, किंवा त्यात नागरिकांचा काही सहभाग असलेल्या मिश्र शासनाला. परंतु त्यासाठी दिलेले कारण पाहण्यासारखे आहे. माणसे सदोष आहेत, स्वतःला आवरण्याचे सामर्थ्य राजांमध्ये क्वचितच असते. म्हणून अनेकांनी मिळून कारभार करावा, म्हणजे ते एकमेकांना शिकवतील, समज देतील आणि एकजण मर्यादा ओलांडू लागला तर इतर त्याला आवरतील, असा त्याचा आशय आहे. कोड्याचा उलगडा येथे आहे. माणसावर फार विश्वास ठेवल्यामुळे नव्हे, तर एकट्या माणसावर विश्वास न ठेवल्यामुळे कॅल्व्हिन सभेकडे वळला. पतित केवळ प्रजा नाही, राजाही आहे. केवळ श्रोता नाही, उपदेशकही आहे. सर्वच सारखे दुबळे असतील, तर एकाला इतरांवर निरंकुश सत्ता कोणत्या आधारावर द्यावयाची?

दुसरा वाद होता मंडळीतून बहिष्कृत करण्याच्या अधिकाराचा. तो चर्चचा की शहराच्या परिषदेचा? हा झगडा १५५५ पर्यंत चालला आणि अखेर कन्सिस्टरीचा अधिकार मान्य झाला. आपल्याला हा धर्मकारणातील किरकोळ तंटा वाटेल. परंतु राजसत्तेची एक सीमा आहे आणि तिच्यापलीकडे दुसऱ्या एका संस्थेचा स्वतंत्र कारभार चालू शकतो, हे तत्त्व त्यातून व्यवहारात उतरले.

जिनिव्हाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. कन्सिस्टरी लोकांच्या घरात डोकावे. कोण नाचले, कोणाला प्रार्थना पाठ येत नाहीत, कोणत्या नवराबायकोत भांडण आहे, याची चौकशी होई. १५४६ मध्ये प्येर आमो नावाच्या एका परिषद-सदस्याने कॅल्व्हिनवर टीका केली, म्हणून त्याला केवळ सदरा घालून, हातात मशाल घेऊन शहरभर फिरून क्षमा मागावी लागली. आणि २७ ऑक्टोबर १५५३ रोजी मिगेल सर्व्हेटस या विद्वानाला पाखंडी मतांसाठी जिवंत जाळण्यात आले. शिक्षा शहराच्या परिषदेने दिली, परंतु कॅल्व्हिनची तीत साथ होती. तलवारीने शिरच्छेद करावा एवढीच सौम्यता त्याने सुचविली. ज्या सभेने एकाधिकाराला लगाम घातला, तिनेच मतभिन्नतेचा गळा दाबला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२. फ्रान्स : राजाश्रयाविना उभी राहिलेली सभा

जिनिव्हात चर्चच्या पाठीशी शहराची सत्ता होती. फ्रान्समध्ये ती नव्हती. उलट राजा विरोधी होता. म्हणून कॅल्व्हिनपंथी रचनेची खरी कसोटी तेथे लागली. मे १५५९ मध्ये पॅरिसमध्ये, गुप्तपणे, निरनिराळ्या गावच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. पकडले गेले असते तर देहदंड ठरलेला होता. तेथे त्यांनी आपल्या श्रद्धेचे निवेदन आणि संघटनेचे नियम तयार केले. नियमांतील पहिलेच कलम असे, की कोणत्याही मंडळीने दुसऱ्या मंडळीवर श्रेष्ठत्व किंवा प्रभुत्व सांगू नये. पॅरिसची मंडळी मोठी म्हणून एखाद्या खेड्यातील मंडळी तिची अंकित नव्हे.

मग सर्वांना एकत्र बांधावयाचे कशाने? त्यासाठी पायऱ्यांची रचना झाली. गावाची कन्सिस्टरी, तिच्यावर आसपासच्या मंडळ्यांची सभा, तिच्यावर प्रांताची सिनॉड, आणि सर्वांवर राष्ट्रीय सिनॉड. प्रत्येक पायरीवर पाळक आणि वडील असे दोन्ही प्रकारचे प्रतिनिधी खालच्या पायरीवरून येत. खालच्या सभेचा निर्णय अन्याय्य वाटला तर वरच्या सभेकडे दाद मागता येई. सिनॉडचा अध्यक्ष सभेपुरता निवडला जाई. सभा संपली की त्याचे पदही संपे. अध्यक्षपद ही कोणाची मिरास होऊ नये, ही दक्षता त्यात होती.

या रचनेतही एक प्रश्न धुमसत होता, आणि तो आजही आपल्या परिचयाचा आहे. निर्णय प्रतिनिधींनी घ्यावयाचा की सर्व सभासदांनी? ज्याँ मोरेली या गृहस्थाने १५६२ मध्ये ग्रंथ लिहून असे मांडले, की पाळकांची निवड, शिस्त आणि बहिष्कार यांविषयीचे निर्णय संपूर्ण मंडळीच्या मताने व्हावेत. त्याच वर्षी ऑर्लिआँच्या राष्ट्रीय सिनॉडने त्याच्या मताचा निषेध केला. तो हरला, परंतु प्रश्न विचारला गेला होता, आणि विचारलेला प्रश्न सिनॉडच्या ठरावाने मरत नाही.

२४ ऑगस्ट १५७२ रोजी, संत बार्थोलोम्यूच्या दिवशी, पॅरिसमध्ये कॅल्व्हिनपंथीयांची कत्तल सुरू झाली आणि ती पुढे इतर शहरांत पसरली. जो राजा प्रजेचा रक्षक, त्याच्या संमतीने हे घडले. आता ‘राजाज्ञा पाळावी’ या उपदेशाचे काय करावयाचे? कॅल्व्हिनने खाजगी माणसाला बंडाची मुभा दिली नव्हती. परंतु लोकांच्या रक्षणासाठी नेमलेले दुय्यम अधिकारी, जसे प्राचीन स्पार्टातील एफर किंवा रोममधील ट्रिब्यून, यांनी राजाच्या जुलमाला विरोध करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे, असे त्याने लिहून ठेवले होते. त्याचा उत्तराधिकारी तेओदोर द बेझ याने १५७४ मध्ये आणि १५७९ च्या एका टोपणनावाने छापलेल्या लॅटिन ग्रंथाने हा धागा पुढे नेला. त्या ग्रंथात ‘करार’ ही कल्पना केंद्रस्थानी आहे : एक करार ईश्वर, राजा आणि प्रजा यांच्यात, दुसरा राजा आणि प्रजा यांच्यात. राजाने करार मोडला तर प्रजा बांधलेली नाही. धर्मशास्त्रातील शब्द राज्यशास्त्रात आला तो असा. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने या पंथीयांना संरक्षण मिळाले. १६५९ नंतर त्यांची राष्ट्रीय सिनॉड भरू दिली गेली नाही आणि १६८५ मध्ये फर्मानच रद्द झाले. राजाने आधी सभा बंद केली आणि मग हक्क काढून घेतले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हीच रचना शेजारच्या नेदरलँडमध्ये गेली. १५७१ मध्ये एम्डेन येथे भरलेल्या डच निर्वासितांच्या सिनॉडने मंडळ्यांच्या समानतेचे तेच कलम प्रारंभी घातले. दहा वर्षांनी, १५८१ मध्ये, डच प्रांतांनी स्पेनच्या राजाचे स्वामित्व झुगारणारा जाहीरनामा काढला. त्यामागे शहरांचे जुने हक्क आणि करांची तक्रारही होती. केवळ चर्चच्या रचनेला त्याचे श्रेय देणे हा अन्याय होईल.

३. स्कॉटलंड : राजासमोर न उठलेली सभा

या विचाराची सर्वांत ठसठशीत कथा स्कॉटलंडची. १५६० मध्ये तेथील पार्लमेंटने पोपचा अधिकार नाकारला. जॉन नॉक्स जिनिव्हात राहून आला होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी जी योजना आखली तिच्यात प्रत्येक मंडळीने आपला पाळक निवडावा असे तर होतेच, शिवाय प्रत्येक मंडळीपाशी एक शिक्षक असावा अशीही तरतूद होती. ज्याला वाचता येत नाही तो सभेत काय करणार? ही योजना पूर्णपणे अमलात यावयास शतकाहून अधिक काळ लागला. परंतु खेड्यातील शाळेचा आग्रह स्कॉटिश चर्चने सोडला नाही. आज शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना मला याचा उल्लेख टाळता येत नाही.

हळूहळू तेथे चार पायऱ्या सिद्ध झाल्या : गावाची सेशन, परिसराची प्रेसबिटरी, प्रांताची सिनॉड आणि देशाची जनरल असेंब्ली. राजा जेम्स सहावा याला ही पायऱ्यांची वाट नको होती. त्याला बिशप हवे होते, कारण बिशप राजा नेमी. १५९६ मध्ये फॉकलंडच्या राजवाड्यात अँड्र्यू मेल्व्हिल या पाळकाने राजाची बाही धरून त्याला सुनावले, की स्कॉटलंडमध्ये दोन राजे आणि दोन राज्ये आहेत. ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स हा राजा नव्हे, प्रमुख नव्हे, केवळ एक सभासद आहे. पुढे इंग्लंडचे सिंहासन मिळाल्यावर १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत जेम्सने उत्तर दिले : बिशप नसेल तर राजाही राहणार नाही. तो पंडित होता आणि त्याचा तर्क चुकीचा नव्हता. चर्चमध्ये वरिष्ठाविना कारभार चालतो हे एकदा लोकांनी पाहिले, की राज्याविषयीही ते तसाच प्रश्न विचारतील, हे त्याने ओळखले होते.

त्याच्या मुलाने, चार्ल्स पहिल्याने, १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादले. फेब्रुवारी १६३८ मध्ये एडिंबरो येथे राष्ट्रीय करारावर सह्या सुरू झाल्या. सरदारांपासून कारागिरांपर्यंत लोकांनी सह्या केल्या आणि कराराच्या प्रती गावोगाव गेल्या. नोव्हेंबरमध्ये ग्लासगो येथे जनरल असेंब्ली भरली. राजाच्या प्रतिनिधीने, हॅमिल्टनने, सभा विसर्जित झाल्याचे जाहीर केले आणि तो निघून गेला. सभा उठली नाही. ती बसून राहिली, कामकाज चालू ठेवले, आणि बिशपांची पदे रद्द करूनच थांबली. इतिहासात तलवारींच्या कथा पुष्कळ आहेत. खुर्चीवर नुसते बसून राहण्याची ही कथा मला त्यांच्याहून मोठी वाटते. ज्या माणसांनी गावच्या सेशनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मतदान केले, नोंदी ठेवल्या, अपिले चालविली, त्यांनाच हे साधले. सभा अध्यक्षाच्या मालकीची नसते, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेले होते.

४. इंग्लंड आणि अमेरिका : मोरेलीचा प्रश्न पुन्हा

इंग्लंडमध्ये या पंथाचे दोन प्रवाह झाले. एक प्रेसबिटेरियन, म्हणजे पायऱ्यांची रचना मानणारा. दुसरा स्वतंत्र मंडळीवाल्यांचा. त्यांच्या मते प्रत्येक मंडळी स्वतःपुरती पूर्ण, तिच्यावर कोणतीही सिनॉड नको. सभासदांनी आपसांत करार करावयाचा आणि मंडळी अस्तित्वात यावयाची. मोरेलीचा हरलेला पक्ष येथे दुसऱ्या रूपाने पुढे आला. १६४७ मध्ये पुटनीच्या चर्चमध्ये क्रॉमवेलच्या सैन्यातील अधिकारी आणि साधे शिपाई मतदानाच्या हक्कावर वाद घालावयास बसले. दरिद्री माणसावरही त्याच्या संमतीवाचून राज्य करता येणार नाही, असे कर्नल रेन्सबरोने तेथे मांडले. मालमत्ता नसलेल्याला मत कसे द्यावे, असा सवाल क्रॉमवेलच्या जावयाने, आयर्टनने, केला. दोघेही याच धार्मिक परंपरेत वाढलेले होते. एकाच मुळाच्या या दोन फांद्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

या स्वतंत्र मंडळीवाल्यांपैकी काहीजण हॉलंडमधील लायडनला काही वर्षे राहून १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेस गेले. किनाऱ्यास लागल्यावर त्यांना कळले, की ज्या प्रदेशाची सनद हाती आहे तो हा नव्हे. कायदा कोणता, अधिकारी कोण, याचे उत्तर नव्हते. तेव्हा जहाजावरच एकेचाळीस पुरुषांनी एका लेखावर सह्या केल्या : आम्ही मिळून एक राजकीय समाज बनतो आणि सर्वांच्या हिताचे कायदे करून ते पाळू. मंडळी स्थापन करावयाची त्यांची जुनी रीत त्यांनी गाव स्थापन करावयास वापरली. सवय आधी होती. प्रसंग आल्यावर तिचा उपयोग झाला.

न्यू इंग्लंडच्या गावांतून प्रार्थनेचे सभागृह तेच गावसभेचे सभागृह असे. रविवारी जे बाकांवर बसत तेच अन्य दिवशी रस्ता, कुंपण, कर आणि शाळा यांवर मतदान करीत. परंतु मॅसॅच्युसेट्सने १६३१ मध्ये मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता ठेवला आणि मतभेद करणाऱ्यांना हाकलले. रॉजर विल्यम्स हा पाळक १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा होऊन निघाला आणि १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापिली, जेथे शासनाला सदसद्विवेकबुद्धीवर अधिकार नव्हता. तोही कॅल्व्हिनच्याच शिकवणुकीत वाढलेला. जिनिव्हाच्या चितेचे उत्तर त्याच परंपरेतील एका हद्दपार माणसाने दिले.

१७१७ मध्ये जॉन वाइज या खेड्यातील पाळकाने मंडळ्यांच्या स्वयंशासनाच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. त्यात त्याने चर्चसाठी लोकशाही योग्य आहे हे सिद्ध करण्यास निसर्गसिद्ध समानतेचा आधार घेतला. पंचावन्न वर्षांनी, १७७२ मध्ये, इंग्लंडशी संघर्ष पेटत असता ते पुन्हा छापले गेले. चर्चसाठी लिहिलेला युक्तिवाद आता राज्यासाठी वाचला जात होता. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कार्यरत धर्मोपदेशक जॉन विदरस्पून हा स्कॉटलंडहून आलेला प्रेसबिटेरियन होता. आणि संविधानाच्या घडणीत अग्रभागी असलेला जेम्स मॅडिसन हा त्याचा विद्यार्थी. माणसे देवदूत नाहीत म्हणून सत्तेने सत्तेला आवर घालावा, हा मॅडिसनचा विचार आणि कॅल्व्हिनची सभेविषयीची भूमिका यांत मला नाते दिसते. ते नाते म्हणजे पुरावा नव्हे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

५. मर्यादा

कारण प्रत्येक नदीचे मूळ आपल्याच गावच्या डोंगरात शोधण्याचा मोह अभ्यासकांना होतो. क्वेंटिन स्किनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की जुलमी राजाला विरोध करण्याचे कॅल्व्हिनपंथीयांचे बरेचसे युक्तिवाद लूथरपंथीयांकडून, रोमन कायद्याकडून आणि कॅथलिक पंडितांकडूनच आलेले होते. धर्मसभा पोपहून श्रेष्ठ आहे, असे कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ मध्येच घोषित केले होते. इटलीतील नगरराज्ये, कारागिरांच्या श्रेणी, इंग्लंडचे पार्लमेंट, हे सर्व प्रवाह लोकशाहीच्या पात्रात आहेत. कॅल्व्हिनपंथाचे वेगळेपण युक्तिवादात नाही. ते युक्तिवाद रोजच्या वहिवाटीत उतरविण्यात आहे. पंडितांच्या ग्रंथातील कल्पना त्याने गावच्या गुरुवारच्या सभेत आणून बसविली.

ही वहिवाटही सर्वांसाठी नव्हती. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना वडिलांचे पद मिळाले ते १९६६ मध्ये, आणि पाळकाचे १९६८ मध्ये. म्हणजे चारशे वर्षांनी. दक्षिण आफ्रिकेतील डच कॅल्व्हिनपंथी चर्चच्या सिनॉडने १८५७ मध्ये वर्णानुसार वेगळ्या उपासनेस वाट करून दिली, आणि पुढे त्याच चर्चने वर्णभेदी राजवटीला धर्माचा आधार पुरविला. सभा होती, मतदान होते, नोंदी होत्या. फक्त ज्यांच्याविषयी निर्णय होत होता ते सभेत नव्हते. अखेर १९८२ मध्ये या पंथाच्या जागतिक संघाने ओटावा येथे वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरविले. उत्तम नियमावलीसुद्धा दाराबाहेर ठेवलेल्यांना न्याय देत नाही.

६. आपल्या दारापर्यंत

या कथेचे एक टोक आपल्या भागापर्यंत येते. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीने पुढच्याच वर्षी असे तत्त्व ठरविले, की परदेशांत कोणतीही विशिष्ट चर्चपद्धती न्यावयाची नाही. जे ख्रिस्ती होतील त्यांनीच आपल्या मंडळीच्या कारभाराची रीत ठरवावी. याच सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले. तिच्या शाळेत शिकलेले बाबा पदमनजी, जन्म १८३१ चा, बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. पुढे काही काळ ते पुण्यात फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक होते.

हे ‘फ्री चर्च’ म्हणजे काय, याचे उत्तर पुन्हा स्कॉटलंडमध्ये आहे. १७१२ च्या कायद्याने गावचा पाळक नेमण्याचा जमीनदाराचा हक्क पुनःस्थापित झाला होता. मंडळीवर तिला नको असलेला पाळक लादता येईल काय, हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. १८ मे १८४३ रोजी साडेचारशेहून अधिक पाळकांनी घर, वेतन आणि इमारती सोडून देऊन वेगळे चर्च स्थापिले. मुंबईतील डॉ. जॉन विल्सन यांच्यासह भारतातील स्कॉटिश मिशनरीही त्यांना जाऊन मिळाले. महात्मा फुले यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत याच दशकात झाले. यावरून सत्यशोधक समाजाचे श्रेय एडिंबरोला देण्याचा उथळपणा मी करणार नाही. फुल्यांचा प्रश्न या मातीतला होता आणि उत्तरही त्यांचे स्वतःचे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी संतांच्या चळवळीची युरोपातील धर्मसुधारणेशी तुलना केली, ती मात्र येथे आठवते. त्या तुलनेला पुस्ती जोडावयाची तर एवढीच, की संतांनी समतेची अनुभूती दिली. तिच्या जोडीला नियमावली, मुदतीची पदे आणि अपिलाची पायरी असलेली संघटना वारकरी परंपरेत त्या प्रकारे उभी राहिली नाही. अनुभूती मोठी की संघटना, हा वाद निरर्थक आहे. एकीवाचून दुसरी लंगडी पडते.

आता पुन्हा इतिवृत्ताकडे येतो. मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षे होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील वार्षिक सभा दहा मिनिटांत आटोपे. ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होई आणि चहा येई. आम्हा सर्वांना ते सोयीचे वाटे. एके वर्षी लक्षात आले, की संस्थेच्या मालकीची एक जागा आमच्याच ‘मंजूर’ने दुसऱ्याच्या ताब्यात गेली आहे. कोणी आमचा हक्क हिरावून घेतला नव्हता. आम्ही ऐकले नव्हते, एवढेच. मीही त्या गजरात होतो.

स्वशासन ही कोणी बहाल करावयाची वस्तू नाही, आणि एकदा मिळवून कपाटात ठेवावयाचीही नाही. ती एक कंटाळवाणी सवय आहे : ठरलेल्या दिवशी जमणे, नोंद ठेवणे, ती ऐकणे, समक्ष दोष सांगणे आणि आपला दोष ऐकून घेणे, मुदत संपताच खुर्ची सोडणे, आणि दाराबाहेर कोण राहिले याची आठवण ठेवणे. कॅल्व्हिनची धर्ममते आपल्याला पटोत वा न पटोत, त्याच्या मंडळ्यांनी ही सवय शतकानुशतके जोपासली, आणि ज्या दिवशी राजाने सभा संपल्याचे सांगितले त्या दिवशी ती कामास आली.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गाच्या सभेचे इतिवृत्त कोणी वाचू लागले आणि शेजारचा म्हणाला, ‘वाचले असे समजा’, तर त्या मुख्याध्यापकांची आठवण करा. त्यांचे याहून मोठे स्मारक आपणांस उभारता येईल, असे मला वाटत नाही.